प्रकाश वाचायला शिकवणारा खूनपट : मारिओ बाव्हाचा १९६४चा ‘सेई दोन्ने पेर लास्सास्सीनो’ कसा पाहावा

गोष्ट सांगितली तर सामान्य वाटावा आणि एखादी चौकट दाखवली तर समोरचा माणूस बोलता बोलता थांबावा, असे चित्रपट फार नाहीत. मारिओ बाव्हा या इटालियन दिग्दर्शकाचा ‘सेई दोन्ने पेर लास्सास्सीनो’, म्हणजे ‘खुन्यासाठी सहा स्त्रिया’, हा त्यांपैकी एक आहे. इंग्रजी जगात तो ‘ब्लड अँड ब्लॅक लेस’ या नावाने ओळखला जातो. रोममधल्या एका उंची फॅशन हाउसमध्ये इझाबेला नावाच्या मॉडेलचा खून होतो, तिची डायरी सापडते, त्या डायरीत आपले काय काय लिहिले असेल या धास्तीने प्रत्येक जण अस्वस्थ होतो आणि एकामागून एक खून पडत जातात. कथानक म्हणून यात फारसे काही नाही. तरीही गेल्या साठ वर्षांत थरारपट आणि भयपट ज्या तऱ्हेने दिसू लागले, त्यातला मोठा भाग या दीड तासातून निघालेला आहे.

मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो मुळीच आवडला नव्हता. कुठून तरी उतरवलेली प्रत होती. तिच्यातला लाल रंग विटकरी झाला होता आणि अंधाराच्या जागी करडा चिखल दिसत होता. रहस्यकथा म्हणून तो पाहिला, खुनी कोण हे कळले आणि विसरून गेलो. बऱ्याच वर्षांनी जीर्णोद्धार केलेली प्रत पाहिली, तेव्हा एका पडद्याच्या चुणीत, जिथे निव्वळ काळोख असायला हवा होता, तिथे मला हिरवा रंग दिसला. त्या हिरव्याला कथेत काहीही कारण नव्हते. या चित्रपटात गोष्ट सांगण्याचे काम प्रकाशाकडे आहे, हे त्या क्षणी ध्यानात आले. पुढचा सगळा लेख तो प्रकाश वाचायचा कसा याविषयी आहे. यातल्या पायऱ्या मी ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने घ्याव्यात, कारण प्रत्येक पायरीचे काम पुढच्या पायरीला लागते. खुनी कोण, हे मी कुठेही सांगितलेले नाही.

आधी एक शब्द समजून घ्या

या जातीच्या चित्रपटांना ‘जाल्लो’ म्हणतात. इटालियन भाषेत जाल्लो म्हणजे पिवळा. मिलानच्या मोंदादोरी प्रकाशनाने १९२९ साली गुन्हेकथांची एक स्वस्त माला सुरू केली. तिची मुखपृष्ठे पिवळी होती आणि तिच्यात सुरुवातीला इंग्रजी-अमेरिकन लेखकांचे अनुवादच प्रामुख्याने असत. लोक त्या पुस्तकांना ‘पिवळी’ म्हणू लागले आणि पुढे गुन्हेकथेलाच तो शब्द चिकटला. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वाचनालयातून आणून रात्रीत संपवणाऱ्या मराठी वाचकाला त्या पुस्तकांचे इटालियन घरातले स्थान वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. फॅसिस्ट राजवटीने १९४१मध्ये ही माला बंद पाडली आणि युद्ध संपल्यावर ती पुन्हा सुरू झाली.

एक फरक मात्र नीट लक्षात ठेवावा. इटलीत आजही कोणत्याही गुन्हेकथेला जाल्लो म्हणतात. इटलीबाहेर या शब्दाने एक विशिष्ट चित्रपटप्रकार सूचित होतो : हातमोजे घातलेला अनोळखी खुनी, नटवलेले खून, भडक रंग आणि आपण नेमके काय पाहिले हे न उमगलेला साक्षीदार. हा दुसरा अर्थ घडवण्यात बाव्हाचा वाटा सर्वांत मोठा आहे.

दिग्दर्शकाविषयी आवश्यक तेवढेच

बाव्हाचा जन्म १९१४ साली सानरेमो येथे झाला. वडील एउजेनिओ बाव्हा शिल्पकार होते आणि मूकपटांच्या काळात कॅमेऱ्याची व युक्तिदृश्यांची कामे करत. मारिओला चित्रकार व्हायचे होते. तो कॅमेरामन झाला आणि दिग्दर्शक म्हणून स्वतःच्या नावावर पहिला कथापट १९६० साली, म्हणजे वयाच्या पंचेचाळिशीनंतर, ‘ला मास्केरा देल देमोनिओ’ या भयपटाच्या रूपाने केला. दोन दशके दुसऱ्यांच्या चित्रपटांना प्रकाश देत राहिलेला माणूस दिग्दर्शक झाला, की पटकथेतल्या संवादांपेक्षा खोलीतल्या दिव्यांकडे त्याचे लक्ष अधिक जाणे साहजिकच आहे. ‘सेई दोन्ने’च्या श्रेयनामावलीत छायाचित्रणकार म्हणून उबाल्दो तेर्झानो याचे नाव आहे, परंतु प्रकाशाची कल्पना बाव्हाची आहे हे त्याचे इतर चित्रपट शेजारी ठेवून पाहिल्यावर कळते.

प्रत निवडताना

ही पायरी कंटाळवाणी वाटली तरी टाळू नये, कारण चुकीच्या प्रतीवर पुढचे सगळे कष्ट वाया जातात. मिळालेली प्रत लावून फक्त श्रेयनामावली पाहावी. चित्रपटातले कलाकार कपड्यांच्या पुतळ्यांशेजारी स्वतःच पुतळ्यांसारखे स्तब्ध उभे आहेत आणि त्यांच्यावर रंगीत प्रकाश आहे, असे दिसले तर प्रत बाव्हाने केलेली आहे. तसे नसेल तर ती १९६५च्या अमेरिकी प्रदर्शनासाठी बदललेली असण्याची शक्यता आहे. तिथे वितरकांनी श्रेयनामावली नव्याने करून घेतली होती.

त्यानंतर चौकटीचा आकार पाहावा. चित्राची रुंदी उंचीच्या सुमारे १.६६ पट असायला हवी. जुन्या टीव्हीसाठी कापलेल्या जवळजवळ चौरस प्रतीत दोन्ही कडांवरच्या वस्तू गळून पडतात, आणि बाव्हाच्या चौकटीत कडांवरच्या वस्तूच महत्त्वाच्या असतात. शेवटी लाल रंग तपासावा. लाल पुतळ्यांच्या पृष्ठभागावर प्रकाश आणि सावली वेगवेगळी दिसली पाहिजे; नुसता लाल डाग दिसत असेल तर ती प्रत उपयोगाची नाही.

भाषेविषयी फार चिंता करू नये. त्या काळी इटालियन चित्रपटांत आवाज नंतर भरण्याचीच रीत होती आणि इथे तर अमेरिकन कॅमेरॉन मिशेल, हंगेरीत जन्मलेली एव्हा बार्टोक, जर्मन थॉमस रायनर असा निरनिराळ्या देशांचा ताफा आहे. त्यामुळे ‘मूळ आवाज’ नावाची गोष्टच अस्तित्वात नाही. इंग्रजी आवृत्तीत पॉल फ्रीस या एकाच कलाकाराने अनेक पुरुषपात्रांना आवाज दिलेला आहे, आणि एकदा ते कळले की ऐकताना रसभंग होतो. म्हणून मी इटालियन आवाज आणि उपशीर्षके यांची शिफारस करतो.

पडदा आणि खोली

टीव्हीवर पाहणार असाल तर चित्राचे भडक सेटिंग बंद करून ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ हे सेटिंग निवडावे. हालचाल गुळगुळीत करणारी सोय अवश्य बंद करावी. बाव्हाचे रंग आधीच गडद आहेत. टीव्हीने त्यांत भर घातली की रंगांच्या छटांमधले अंतर नाहीसे होते. खोलीत अंधार करावा. मोबाइलवर हा चित्रपट पाहू नये, कारण सावलीतला रंग तिथे दिसतच नाही आणि या चित्रपटाचे निम्मे काम सावलीत चालते.

तयारी म्हणून एक कृष्णधवल चित्रपट

वेळ असेल तर आदल्या दिवशी बाव्हाचाच १९६३चा ‘ला रागात्सा के सापेवा त्रोप्पो’ पाहावा. जाल्लो चित्रपटांची सुरुवात सामान्यतः याच्यापासून मोजतात. रोमला आलेली, गुन्हेकादंबऱ्यांची वेडी असलेली एक अमेरिकन तरुणी रात्री पियात्सा दी स्पान्याच्या पायऱ्यांजवळ खून पाहते आणि तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. परकी माणसे, पर्यटकांचे रोम आणि अर्धवट पाहिलेला गुन्हा हा साचा इथे तयार झाला. रंग मात्र नाही. दुसऱ्या दिवशी ‘सेई दोन्ने’ सुरू झाला की वर्षभरात बाव्हाने कशाची भर घातली ते दुसऱ्या कुणी सांगावे लागत नाही.

जर्मन संदर्भही इथेच ध्यानात घ्यावा. ‘सेई दोन्ने’ हा इटली, पश्चिम जर्मनी आणि फ्रान्स यांचा संयुक्त निर्मितीचा चित्रपट होता. जर्मनीत १९५९पासून एडगर वॉलेसच्या गुन्हेकथांवरचे चित्रपट जोरात चालत होते. मुखवट्यातला गुन्हेगार, संशयितांची गर्दी, कुशाग्र इन्स्पेक्टर हा त्यांचा मसाला होता आणि तोवर ते बहुतांशी कृष्णधवल होते. बाव्हाने तो मसाला घेतला, पण इन्स्पेक्टरमधला रस काढून टाकला. या चित्रपटातल्या पोलिसाला विशेष काही उलगडत नाही, आणि प्रेक्षकालाही त्याची वाट पाहावीशी वाटत नाही.

पहिल्यांदा न थांबता पाहा

पहिल्या वेळी वही हाती घेऊ नये. चित्रपट सलग पाहावा आणि संपल्यावर, दुसरे काही करण्याआधी, ज्या पाच गोष्टी डोळ्यांसमोर राहिल्या असतील त्या कागदावर लिहाव्यात. माझा अनुभव असा की लिहिणाऱ्यांच्या यादीत पात्रांची नावे क्वचित येतात. लाल पुतळे, पांढऱ्या कापडाने झाकलेला चेहरा, हेलकावणारी पाटी, काळी पर्स अशा वस्तू येतात. हा कागद जपून ठेवावा.

खुन्याचा वेश या यादीत बहुधा असतोच. काळी टोपी, लांब कोट, काळे हातमोजे आणि चेहऱ्यावर घट्ट ताणलेले पांढरे कापड. डोळे, नाक, ओठ यांच्या जागी नुसते उंचवटे आणि खळगे. तो चेहरा पुतळ्याचा आहे, आणि पुतळ्यांनी भरलेल्या इमारतीत खुनी पुतळ्यासारखाच दिसतो ही गोष्ट संवादांतून कोणी बोलून दाखवत नाही. शिवाय त्या वेशात स्त्री की पुरुष, तरुण की म्हातारा, काहीच कळत नाही. तो वेश कोणीही चढवू शकतो. पुढच्या थरारपटांनी या वेशाची नक्कल केली तेव्हा बहुतेकांनी हातमोजे उचलले आणि ही दुसरी गोष्ट मागे सोडली.

श्रेयनामावली, एकेक चौकट थांबवून

दुसऱ्या पाहण्याची सुरुवात नावांपासून करावी. इथे प्रत्येक कलाकार एखाद्या पुतळ्याजवळ स्थिर उभा आहे आणि कॅमेरा एकाकडून दुसऱ्याकडे जातो. कार्लो रुस्तिकेल्लीचे संगीत भीतीचे नाही. नाइटक्लबात नाचायला लावावे असे आहे. प्रत्येक चौकटीवर थांबून तीन प्रश्न विचारावेत : चेहऱ्यावर कोणत्या रंगाचा प्रकाश आहे, चेहऱ्याच्या सावलीच्या बाजूला कोणता रंग आहे, आणि मागच्या भिंतीवर कोणता? तिन्ही उत्तरे वेगवेगळी येतील. सर्वसाधारण चित्रपटात सावली म्हणजे प्रकाशाचा अभाव. बाव्हा सावलीलाही स्वतंत्र दिवा देतो. चित्रकार सावलीसाठी काळा रंग न वापरता निळा किंवा जांभळा वापरतो, तसाच हा विचार आहे, आणि चित्रकार होण्याची त्याची इच्छा वाया गेली नाही असे मला हे पाहताना दर वेळी वाटते.

जुन्या वस्तूंच्या दुकानातला प्रसंग

सगळा चित्रपट दुसऱ्यांदा पाहायला वेळ नसेल, तर एवढा एक प्रसंग तरी तीनदा पाहावा. निकोल ही मॉडेल रात्री एकटी जुन्या वस्तूंच्या दुकानात येते. आत माणूस नाही. मूर्ती, आरसे, फर्निचर, चिलखत यांची दाटी आहे, आणि बाहेरच्या रंगीत दिव्यांची उघडझाप आतवर पोहोचते आहे.

पहिल्या वेळी आवाज बंद करून पाहावे आणि वहीच्या पानावर तीन उभे रकाने आखावेत : पुढे, मध्ये, मागे. शॉट बदलला की प्रत्येक रकान्यात दिसणारा रंग लिहावा. बहुतेक वेळा पुढच्या रकान्यात ‘काळे’ येईल, कारण बाव्हा कॅमेऱ्याजवळ एखादी वस्तू अंधारात ठेवतो आणि प्रेक्षकाला तिच्याआडून पाहायला लावतो. मधल्या रकान्यात निकोल असेल. मागच्या रकान्यात हिरवा आणि जांभळा आलटून पालटून येत राहतील. दुकान प्रत्यक्षात किती लहान असेल ते हा तक्ता भरताना कळते. तीन थरांना तीन रंग दिल्यामुळे साध्या सेटला खोली आली आहे, आणि उरलेला स्वस्तपणा अंधाराने झाकला आहे. पैसे कमी होते. कॅमेरा सरकवायला मुलांची खेळण्यातली गाडी आणि क्रेनच्या जागी माणसांच्या वजनाने वरखाली होणारी सी-सॉसारखी फळी वापरली होती, ही या चित्रीकरणाची प्रसिद्ध हकिगत आहे.

दुसऱ्या वेळी फक्त उघडझाप मोजावी. प्रकाश आला, गेला, पुन्हा आला. हाताने टेबलावर ताल धरला तरी चालेल. प्रकाश जातो त्या क्षणी आपली नजर कुठे असते याकडे लक्ष द्यावे : ती पुढच्या उजेडाची वाट पाहत, जिथे मघाशी काही हलल्यासारखे वाटले त्या कोपऱ्यात असते. प्रेक्षकाच्या भीतीचे वेळापत्रक एका दिव्याच्या हाती दिलेले आहे. संगीताने किंवा अचानक आवाजाने दचकवणे सोपे असते. इथे दचकण्याआधीचा काळ लांबवला आहे, आणि तोही दिग्दर्शकाने हात न लावल्यासारखा, बाहेरच्या एका यंत्रवत दिव्याकडून.

तिसऱ्या वेळी प्रत्येक प्रकाशाचे मूळ शोधावे. उघडझापीला बाहेरचा दिवा हे कारण आहे. पण दुकानाच्या आतल्या भागात, जिथे खिडकी पोहोचत नाही, तिथला रंग कुठून आला? त्याला उत्तर नाही. बाव्हाची ही पद्धत एकदा ध्यानात आली की सगळीकडे दिसते : तो आधी एका प्रकाशाला खरे कारण देतो, प्रेक्षकाचा विश्वास बसला की त्याच्या आडोशाने चार बिनकारणाचे दिवे लावतो. पहिल्या दिव्याशिवाय बाकीचे खोटे वाटले असते. रंगीत प्रकाशाची नक्कल करणारे अनेक जण नेमका हा पहिला दिवा विसरतात, आणि म्हणून त्यांची खोली रंगवलेली वाटते, भारलेली वाटत नाही.

पर्सचा प्रसंग आणि कॅमेऱ्याची चाल

प्रकाशाच्या अभ्यासानंतर हालचालीकडे यावे. त्यासाठी फॅशन शोच्या वेळचा प्रसंग घ्यावा. मृत इझाबेलाची डायरी निकोलला सापडली आहे, ती पोलिसांकडे देणार आहे, आणि तूर्त ती तिच्या पर्समध्ये आहे हे सगळ्यांना कळले आहे. शो चालू आहे, मॉडेल आतबाहेर करत आहेत, कपडे बदलले जात आहेत आणि जो तो आपले काम करता करता त्या पर्सकडे पाहतो आहे. या प्रसंगात कोणीही कोणावर आरोप करत नाही. कॅमेरा नजरांच्या मागे मागे सरकतो आणि एवढ्याने खोलीतला प्रत्येक जण संशयित होतो.

इथे मोजण्याची गोष्ट म्हणजे पर्स किती वेळा दिसते आणि दर वेळी तिच्याकडे कोण पाहत असते. तक्ता पूर्ण झाला की लक्षात येते की पटकथेला पाच-सहा पाने संवाद लागले असते ते काम एका वस्तूने केले. लेखन शिकणाऱ्यांना मी हा प्रसंग आवर्जून दाखवतो.

घरी करून पाहा

इथवर आलेल्या वाचकाने एक संध्याकाळ या प्रयोगाला द्यावी. पाहून जे समजत नाही ते करून समजते. तीन टेबललॅम्प, एलईडी बल्ब, हिरवा आणि जांभळा जिलेटिन पेपर (दिव्यापुढे लावायचा रंगीत पारदर्शक कागद), थोडा ट्रेसिंग पेपर आणि काळा कार्डपेपर लागेल. नाटकाचे लाइट भाड्याने देणाऱ्यांकडे जिलेटिनचे उरलेले तुकडे मिळतात. हॅलोजन किंवा जुना पिवळा बल्ब वापरू नये, कारण तो तापून कागद वितळतो किंवा पेटतो. एलईडीवरही कागद बल्बला टेकू देऊ नये.

खोली पूर्ण अंधारी करावी आणि भिंतीपासून चार-पाच फुटांवर एखाद्याला खुर्चीत बसवावे. आधी मागच्या भिंतीवर जांभळा दिवा लावावा. मग एका बाजूने, थोडा खालून, चेहऱ्याच्या सावलीच्या बाजूवर हिरवा. पांढरा दिवा सर्वांत शेवटी, ट्रेसिंग पेपर लावून, दुसऱ्या बाजूने. पांढरा दिवा लावताच बाकीचे रंग फिके पडतील, आणि इथेच या प्रयोगाचे मर्म आहे : रंग टिकतो तो जिथे पांढरा प्रकाश पोहोचत नाही तिथेच. गडद जिलेटिन दिव्याचा बराचसा प्रकाश गिळतो, त्यामुळे रंगीत दिवे जवळ आणावे लागतात आणि पांढरा दिवा दूर न्यावा लागतो. तरीही पांढरा भिंतीवर सांडतोच. तो अडवण्यासाठी काळा कार्डपेपर दिव्याच्या कडेला धरावा आणि हळूहळू सरकवत न्यावा. एका ठिकाणी चेहऱ्याची उजळ बाजू नैसर्गिक, सावलीची बाजू हिरवी आणि भिंत जांभळी अशी तिन्ही एकदम उभी राहतात. मला ती जागा सापडायला पहिल्या वेळी तासाहून अधिक वेळ लागला होता, आणि त्यानंतर बाव्हाच्या प्रत्येक चौकटीत मला दिव्यांपेक्षा दिवे अडवणारे कागद दिसू लागले.

फोनने छायाचित्र घेताना प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स आणि एक्सपोजर दोन्ही स्थिर करावेत. फोन आपल्या मनाने रंग ‘सुधारतो’ आणि हिरवी सावली पुसून टाकतो.

वारसा शोधताना घ्यायची काळजी

या चित्रपटाच्या प्रभावाविषयी पुष्कळ लिहिले जाते आणि त्यात अतिशयोक्तीही असते. काळा हातमोजा दिसला की बाव्हा, लाल दिवा दिसला की बाव्हा, असे म्हणणे सोपे आहे. प्रत्येक दाव्याला तीन प्रश्न विचारावेत. नंतरच्या दिग्दर्शकाने हा चित्रपट पाहिला होता असे मानायला आधार आहे का? ती गोष्ट याच्याही आधी इतरत्र होती का? आणि ती गोष्ट दोन्हीकडे तेच काम करते का?

दारिओ अर्जेंतोपासून सुरुवात करावी. त्याच्या १९७०च्या ‘लुच्चेल्लो दाल्ले प्यूमे दी क्रिस्ताल्लो’ने जाल्लोला व्यावसायिक यश मिळवून दिले आणि पुढची चार-पाच वर्षे इटलीत अशा चित्रपटांचा पूर आला. त्यात बाव्हाचे दोन्ही धागे एकत्र आले आहेत : १९६३चा साक्षीदार, ज्याने पाहिले पण समजले नाही, आणि १९६४चा हातमोजा. अर्जेंतोच्या चित्रपटांत खुन्याचे हात म्हणून पुष्कळदा त्याने स्वतःचेच हात वापरले आहेत. १९७७च्या ‘सुस्पिरिया’त तर बिनकारणाचे रंगीत दिवे पूर्ण मोकाट सुटले. कॅमेरामन लुचानो तोव्होलीने तिथे रंग इतके गडद केले की बाव्हाचा पहिला, खऱ्या कारणाचा दिवा जवळजवळ नाहीसाच झाला. तिथली दुनिया स्वप्नाची असल्यामुळे ते शोभले. १९८०च्या ‘इन्फेर्नो’साठी युक्तिदृश्यांत खुद्द बाव्हाने मदत केली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याचे निधन झाले. इथे वारसा सिद्ध करायला वेगळा पुरावा लागत नाही.

अमेरिकेतल्या स्लॅशर चित्रपटांबाबत, म्हणजे एकच खुनी अनेकांना मारत सुटतो अशा भयपटांबाबत, अधिक सावध राहावे. एका ठिकाणची माणसे एकेक करून मरणे आणि दर खून वेगळ्या तऱ्हेने रचणे हा सांगाडा ‘सेई दोन्ने’त स्पष्ट आहे. बाव्हाने तो १९७१च्या ‘रेआत्सिओने आ कातेना’मध्ये आणखी पुढे नेला, आणि १९८१च्या ‘फ्रायडे द थर्टीन्थ’च्या दुसऱ्या भागातले दोन खून त्याच्याशी शॉटगणिक जुळतात. पण १९७८च्या ‘हॅलोवीन’मधला पांढरा, निर्विकार मुखवटा बाव्हाकडून आला असे म्हणू नये. तो दुकानातून आणलेला ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा मुखवटा होता, त्याला पांढरा रंग फासला होता. दोन मुखवट्यांचे काम सारखे आहे, मूळ वेगळे आहे.

पेद्रो अल्मोदोव्हारच्या १९८६च्या ‘मातादोर’मध्ये सुरुवातीलाच एक पात्र टीव्हीवर ‘सेई दोन्ने’तली दृश्ये पाहताना दिसते, तिथे प्रश्नच उरत नाही. एडगर राइटच्या २०२१च्या ‘लास्ट नाइट इन सोहो’त नायिकेच्या खोलीत बाहेरच्या पाटीचा रंगीत प्रकाश उघडझाप करत येतो. जुन्या वस्तूंच्या दुकानाचा तक्ता भरलेला वाचक तिथे क्षणभर थबकेल, आणि जाल्लोचे ऋण राइटने मोकळेपणाने मान्य केलेलेही आहे. निकोलस विंडिंग रेफनचा २०१६चा ‘द निऑन डीमन’ फॅशनच्या जगात घडतो आणि मॉडेल व पुतळा यांच्यातली सीमा पुसतो, म्हणून तिसऱ्या प्रश्नाला तिथले उत्तर माझ्या मते सर्वांत ठाम आहे.

आपल्याकडे रॅमसे बंधूंच्या ऐंशीच्या दशकातल्या हिंदी भयपटांचे लाल-निळे-हिरवे दिवे पाहून हाच दावा केला जातो. केवळ रंगाच्या जोरावर तो मान्य करू नये, कारण रंगीत जिलेटिन आपल्या रंगभूमीवर त्याआधीच रुळलेले होते. तिथे दुसरा प्रश्न निर्णायक ठरतो.

हिंसेकडे पाहताना

हा चित्रपट इतरांना दाखवणार असाल तर प्रेक्षक प्रौढ असावेत आणि आत काय आहे हे त्यांना आधी सांगावे. पेगी या मॉडेलच्या मृत्यूचा प्रसंग, ज्यात तापलेली शेगडी आहे, मला आजही पाहवत नाही. स्त्रियांचे मरण इथे कपड्यांइतक्याच निगुतीने सजवलेले आहे. फॅशनचा धंदा स्त्रीला वस्तू करतो हे बाव्हा पुतळ्यांच्या योगाने दाखवतो, असे समर्थन केले जाते आणि ते खोटे नाही. पण कॅमेरा त्या सजावटीत रमतो, हेही खरे आहे. जाल्लो आणि स्लॅशर या दोन्ही परंपरांनी हा रमण्याचा भाग जास्त उचलला, त्यामुळे प्रभावाची चर्चा करताना हा हिशेब वगळणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. गटाने पाहत असाल तर चर्चेची सुरुवात रंगांपासून न करता इथूनच करावी. नंतर रंगांवर बोलणे अधिक मोकळे होते.

शेवटचे काम

सगळे झाल्यावर पहिल्या दिवशीचा, पाच गोष्टी लिहिलेला कागद काढावा. मग चित्रपटाची श्रेयनामावलीनंतरची पहिली काही सेकंदे पाहावीत : वादळी वाऱ्यात फॅशन हाउसची पाटी साखळीवर हेलकावे खाते आहे. तिथून थेट शेवटच्या शॉटवर जावे. तिथे लाल टेलिफोनचा रिसीव्हर तारेला लटकून हेलकावतो आहे. पाटी तुमच्या कागदावर असेल तर तिच्या शेजारी आता टेलिफोन लिहावा, आणि दोन्ही शॉटमध्ये प्रकाश कुठून येतो आहे तेही.